दुबई ते मुंबई तीन तास, मुंबई ते मालवण बारा. नक्की लांब काय?

आखाती_चाकरमानी (९ जुलै)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी दुबईत, घर मालवण तालुक्यात (गाव सांगत नाही, अर्धं गाव इथेच असतं). यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि घरी ११ दिवसांचा गणपती, म्हणजे न जाणं हा पर्यायच नाही. गेल्या वर्षीचा हिशोब मी मोबाईलमध्ये लिहून ठेवला होता तो असा. रूममधून निघालो संध्याकाळी ६ ला, विमान जागेवरून सुटलं ९:३० ला, मुंबईत टेकलं इथल्या घड्याळाने रात्री २:१० ला, बॅगा घेऊन बाहेर ३:१५. ठाण्याला मावसभावाकडे अंग टेकलं न टेकलं, ६ ला त्याच्या गाडीने निघालो आणि घरच्या पायरीवर संध्याकाळी ७:३०. घड्याळाचा दीड तासाचा फरक धरला तर बरोबर २४ तास. त्यात विमान हवेत म्हणाल तर तीन तास पण नाही!

तर प्रश्न असे:
नेटवर दुबई-मुंबई अंतर एके ठिकाणी १९३० किमी दिसतं, विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर दरवेळी त्याहून जास्तच भरतं, आणि तिकिटावरची वेळ तिसरीच. खरं कुठलं?
मुंबई टाळून गोव्यात उतरलो तर खरंच वेळ वाचतो का, की नुसतंच मनाचं समाधान?

आणि तिसरा प्रश्न आईचा. जाताना माझं विमान मुंबईहून पहाटे ४:३० ला निघतं आणि ६:१५ ला दुबईत. येताना रात्री ९:३० ला निघून २:१० ला मुंबईत. ती बोटं मोजते आणि म्हणते, "जाताना पावणेदोन तास नि येताना पावणेपाच? येताना इमानाक चढाव लागता काय रे?" मी घड्याळाचा फरक चार वेळा समजावला. ती मान डोलावते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारते.

---

मसालो_मालवणी

पहिलो!! आईचा बरोबर असा, चढावच तो. घराकडे येताना बॅगेत खजूर, टँगचे डबे, शेजाऱ्यांची अत्तरां, ३० किलो वजन, इमान दमतला नाय तर काय होतला.

---

दर्यावर्दी

मी जहाजावर असतो म्हणून अंतराचं सांगतो, वेळेचं विमानवाले सांगतील.

१९३० किमी आहे ते सरळ अंतर. सरळ म्हणजे कागदी नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. पृथ्वी गोल, त्यामुळे दोन गावांमधला सगळ्यात जवळचा रस्ता गोलावर दोरा ताणला की मिळतो. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, एक टोक मुंबईवर, एक दुबईवर, दोरा घट्ट ताणा, तो जिथून जाईल तो खरा जवळचा मार्ग. तोच सपाट नकाशावर काढलात तर वाकडा दिसतो आणि लोक म्हणतात पायलट फिरवून नेतो. मुंबई-दुबई एवढ्या लहान अंतरात वाक फार कळत नाही, अमेरिकेच्या विमानात कळतो.

आमच्याकडे किमी चालत नाहीत, नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे अक्षांशाचा एक मिनिट, म्हणजे १.८५२ किमी. याची गंमत अशी की उत्तर-दक्षिण अंतर काढायला काही लागत नाही. मुंबई बंदर १८ अंश ५५ मिनिटं, वेंगुर्लं १५ अंश ५१ मिनिटं. वजाबाकी ३ अंश ४ मिनिटं, म्हणजे १८४ मैल. संपलं. किमीत ३४० आणि थोडं. किनारा जरासा पूर्वेला सरकत जातो, त्याचे दहाएक किमी अजून धरा.

आता हेच रस्त्याने पाचशेच्या घरात जातं. ज्याने त्याने आपापला निष्कर्ष काढावा.

---

रत्नांग्रीची_राधा

@दर्यावर्दी हे भारी आहे, मी आत्ता रत्नागिरीचं काढून बघितलं, मुंबईपासून सरळ सव्वादोनशेच्या आसपास येतं. आणि रस्त्याने सव्वातीनशेच्या वर. म्हणजे प्रत्येक खाडीला वळसा, प्रत्येक घाटाला सलाम.

बाकी तुम्ही सिंधुदुर्गवाले विमानतळावर भांडा, आमच्याकडे धावपट्टी आहे, तटरक्षक दलाची. आम्ही लहानपणापासून तिच्या कुंपणाबाहेर उभं राहून प्रवासी विमानाची वाट बघतोय. आता माझी मुलगी उभी असते.

---

पुणेकर_पाव्हणा

मुळात दुबईला कशाला जायचं हा प्रश्न कोणी का विचारत नाही?

---

मसालो_मालवणी

@पुणेकर_पाव्हणा तुमच्यात पाव्हण्याक पाणी मिळत नाय म्हणान!

---

रॅम्पवाला

विमानतळावर काम करतो, कुठल्या ते विचारू नका.

तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून ते समोरच्या विमानतळावर जागेवर थांबून चाकाला अडण लावली तिथपर्यंत, ही सगळी वेळ त्यात धरतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत चालणं, उतरताना घिरट्या, उतरल्यावर पार्किंग मिळेपर्यंत उभं राहणं, सगळं आलं. शिवाय वर दहा-पंधरा मिनिटांची शिल्लक, म्हणजे उशिरा निघून वेळेत पोचलो असं म्हणता येतं. म्हणून मुंबई-गोव्याला तिकिटावर सव्वा तास दिसतो आणि हवेत तुम्ही असता पाऊण तास फार तर पन्नास मिनिटं. हवाई सुंदरी पाण्याची बाटली देऊन मागे पोचते तोवर खाली उतरायची घोषणा.

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, फुलीसारख्या. त्यामुळे दोन्ही एका वेळी सुट्या चालवता येत नाहीत, एका वेळी एकच धरून चाला. त्यामुळे वर चक्कर मारत ठेवतात. ॲपवर अंतर जास्त दिसतं त्याचं कारण हेच, शिवाय उडताना आणि उतरताना ठराविक वाटेनेच जावं लागतं, नाक दुबईकडे करून सुटलं बाण असं नसतं. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय (उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५, विमानं २५ डिसेंबरपासून) त्यामुळे हळूहळू ताण वाटला जाईल. आणि कोकणात जाणाऱ्याला तो बराच सोयीचा, पनवेलच्या कुशीत आहे. सहारवरून पनवेल गाठायलाच दीड-दोन तास जातात, ते वाचले.

---

खाडीकाठचो_बाबल्या

येताना वेळ कमी लागतो आणि जाताना जास्त, आई उलटं सांगते आहे पण ते घड्याळामुळे. खरं कारण पृथ्वी फिरते ते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते त्यामुळे...

---

दर्यावर्दी

@बाबल्या थांब थांब. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असेल तर दुबईकडे जाताना दुबईच आपल्याकडे धावत येईल की, म्हणजे जाताना कमी लागायला हवा. तुझ्याच नियमाने तुझं उत्तर उलटं येतंय. आणि हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या गाडीच्या डब्यात उडी मारलीस तर मागच्या डब्यात पडतोस का?

---

खाडीकाठचो_बाबल्या

दिवा पॅसेंजरमध्ये उडी मारायला जागा कुठे असते.

---

ढगांचा_अभ्यासक

वारा, मंडळी, वारा. खिडकीतून कळतो तो नव्हे, वर दहा-अकरा किलोमीटरवरचा.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याचा दक्षिणेकडचा काठ अरबी समुद्राच्या उत्तर भागालाही लागतो. त्यामुळे दुबईहून येणाऱ्या विमानाला पाठीवर वारा आणि जाणाऱ्याला तोंडावर. सोपा हिशोब मांडा: विमानाचा हवेतला वेग ८५०. पाठीवर १०० चा वारा असेल तर जमिनीवरून ९५०, तोंडावर असेल तर ७५०. १९३० किमीला एकीकडे २ तास २ मिनिटं, दुसरीकडे २ तास ३४ मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासाचा फरक नुसत्या वाऱ्याने पडला. (वर चढण्या-उतरण्याचा वेळ यात धरलेला नाही.)

पण खरी मजा पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर खाली समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा, जो आपल्याला भिजवतो, आणि त्याच वेळी त्याच जागी खूप वर बरोब्बर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे. या वरच्या पूर्वेच्या वाऱ्यावर पी. कोटेश्वरम या आपल्याच हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये लिहिलं, पुढे ते हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्याचा मुख्य जोर आपल्या दक्षिणेला आणि विमानाच्याही वर असतो, पण झुळूक मुंबई-गोव्यालाही मिळते. म्हणजे चतुर्थीच्या दिवसात दुबईकडे जाताना वारा थोडी मदत करतो आणि घरी येताना थोडा अडवतो.

थोडक्यात धागाकर्त्याच्या आईचा चढाव शास्त्राला धरून आहे. सप्टेंबरपुरता.

---

आखाती_चाकरमानी

@ढगांचा_अभ्यासक हे मी आईला वाचून दाखवलं फोनवर. ती म्हणाली, "मगे! मी काय वेडी आसंय?" आता घरात माझी काही किंमत राहिलेली नाही, आभारी आहे.

---

दाभोळखाडी

तुम्ही तीन तासांवर भांडताय म्हणून आमच्या दादांचं (आजोबा) सांगतो. ते साठच्या दशकात कुवेतला गेले. मुंबईहून "द्वारका" नावाची बोट असायची, ब्रिटिश इंडिया कंपनीची. कराची, मस्कत, दुबई, बहरीन अशी बंदरं घेत जायची, आठवडा तरी जायचा. डेकचं तिकीट, म्हणजे वर आकाश आणि खाली स्वतःची वळकटी. सोबत घरून काय नेलं तर भाकऱ्या, सुकट, लिंबाचं लोणचं. चौथ्या दिवशी भाकरी संपली आणि लोणचं उरलं, ते एका मल्याळी माणसाला देऊन त्याच्याकडून भात घेतला, ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत होते. त्याच कंपनीची "दारा" नावाची बोट ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि दोन दिवसांनी बुडाली, दोनशेच्या वर माणसं गेली. दादा निघाले तेव्हा ही बातमी ताजीच होती. आजीने म्हणे तीन दिवस ट्रंक लपवून ठेवली होती.

"द्वारका" १९८२ पर्यंत चालली. आमच्या गावात अजून जुनी माणसं आखाताला जाण्याला "बोटीवर गेला" म्हणतात, गेलेला असतो विमानाने.

---

वेंगुर्लेकर_आजोबा

दाभोळखाडी यांनी आठवण काढलीत म्हणून लिहितो, टंकायला वेळ लागतो तेव्हा चुका पोटात घाला.

आम्हा कोकणवाल्यांची बोट म्हणजे कोकण बोट. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची. मला रात्री आदल्या दिवशीपासून झोप नसे. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत दुसऱ्या दिवशी पणजी. बोट मोठी, ती किनाऱ्याला येऊ शकत नसे. ती भोंगा देऊन बाहेर उभी राहायची आणि आम्ही पडावात (लहान होडीत) उतरायचे. उतरायचे म्हणजे काय तर लाट वर आली की खलाशी ओरडणार "टाक पाय!" आणि तेवढ्यात टाकायचा. बाया-माणसं, गाठोडी, कोंबड्या, एकदा तर शिवणयंत्र, सगळं तसंच उतरायचं. माझ्या आत्याची एक चप्पल अजून मालवणच्या समुद्रात आहे.

पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे गणपतीला बोट नाही! मग एसटी, घाटातून कोल्हापूरमार्गे, आणि ओकाऱ्या. म्हणून सांगतो, चतुर्थीला घरी पोचणे हे पहिल्यापासूनच कठीण होते, ते विमानामुळे नाही.

दर्यावर्दींचे १८४ मैल अगदी बरोबर. आमच्या बोटीचा तांडेलही मैलच सांगायचा.

---

चिपळूणची_सून

आजोबा, लिहीत राहा हो. एक चप्पल हे वाचून ऑफिसात मोठ्याने हसले.

---

गाडी_नंबर_विसरलो

अंतराचा विषय निघालाच आहे तर रेल्वेचं ऐका. तुमच्या तिकिटावर मुंबई ते कुडाळ जेवढे किमी छापलेले असतात तेवढे रूळ नाहीयेत खाली. कोकण रेल्वेच्या हद्दीत प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. म्हणजे १०० किमी गेलात की १४० चे पैसे. कारण बांधायला खर्च प्रचंड आला, बोगदे, पूल. करबुडेचा एकटा बोगदा साडेसहा किमीचा, रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हापासून आम्ही भाड्यात लांब राहतो आणि नकाशात जवळ.

---

रत्नांग्रीची_राधा

काय सांगता! म्हणजे सरळ अंतर एक, रस्त्याचं दुसरं, रुळाचं तिसरं आणि तिकिटाचं चौथं?

---

गाडी_नंबर_विसरलो

आणि सासूबाईंचं पाचवं. "इतक्या लांबून आलात" म्हणतात, राहतो डोंबिवलीला.

---

हायवेग्रस्त

मी इथे शांतपणे वाचत होतो पण रस्त्याचा विषय निघाला की मला राहवत नाही. ६६ नंबर (आमच्या तोंडात अजून १७ च) वर मी इतक्या वर्षांत जेवढे "काम चालू" फलक वाचलेत तेवढी पुस्तकं वाचली असती तर पीएचडी झाली असती. कशेडीचा बोगदा झाला, ते चांगलं झालं, मान्य. पण बोगद्यात वाचणारी वीस मिनिटं त्याआधीच इंदापूर आणि माणगावच्या बाजारात व्याजासकट वसूल करतात. गेल्या चतुर्थीला आम्ही माणगावात दोन तास उभे होतो. बायको खाली उतरून भाजी घेऊन आली, निवडून झाली, तरी गाडी तिथेच.

---

संपादक_मंडळ

@हायवेग्रस्त तुमच्यासाठी "महामार्ग: दुःख इथे मांडा" हा धागा आहे, १४०० प्रतिसाद झालेत, पंधराशेला तुमच्या हस्ते नारळ फोडू. मूळ प्रश्न गोव्यामार्गे जावं का हा आहे, कृपया त्यावर या.

---

बांद्याचो_शेजारी

संपादकांनी बोलावलं म्हणून आलो.

मोपा सुरू झाला तेव्हापासून (पहिलं विमान ५ जानेवारी २०२३) आमचं जगणं बदललं हे खरं. विमानतळ गोव्याच्या पेडणे तालुक्यात पण सोय झाली ती सावंतवाडी-दोडामार्ग-वेंगुर्ल्याची. बांद्याहून अर्धा तास, सावंतवाडी पाऊण तास, कुडाळ तास-सव्वा, मालवण पावणेदोन ते दोन. चतुर्थीत बाजारात अडकलात तर अजून.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तिकीट काढताना नुसतं "गोवा" बघू नका. गोव्यात आता दोन विमानतळ. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. माझ्या सख्ख्या भावाने घाईत काढलं, मी मोपाला हातात छत्री घेऊन उभा आणि हा फोन करतो, "मी बाहेर आलोय, तू खय?" मी म्हटलं मी पण बाहेरच आहे. दोघे पाच मिनिटं एकमेकांना खांबांचे नंबर सांगत होतो. तो दाबोळीला, नौदलाच्या तळावर. मग तिथून दोन-अडीच तास.

दुसरं, गाडी घरून मागवा. हद्द ओलांडायची म्हटल्यावर तिथल्या टॅक्सीचा दर ऐकून विमान स्वस्त वाटतं. आणि हो, येताना डिकीत गोव्याचं "औषध" परवान्याशिवाय ठेवू नका, सणाच्या दिवसात गाड्या बघतात.

---

आखाती_चाकरमानी

चिपीचं (सिंधुदुर्ग विमानतळाचं) काय? घरापासून सगळ्यात जवळ तेच आहे, सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) विमान उतरताना आमच्या माडांना दिसतं.

---

बांद्याचो_शेजारी

९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं तेव्हा मी तिथे झेंडा घेऊन होतो, त्यामुळे वाईट बोलणार नाही. सरळ अंतर मुंबईपासून ३५० किमी, पंख्याचं विमान असेल तर ते जेटपेक्षा हळू (ताशी ५०० च्या आसपास), म्हणून तिकिटावर सव्वा ते दीड तास. पण मुंबईची सेवा त्या आठवड्यात आहे की नाही हे बुकिंगला बघूनच ठरवा, आणि सप्टेंबरात सड्यावर ढग उतरला की धावपट्टी दिसत नाही. एकदा आमचं विमान वर येऊन दोन चकरा मारून परत गेलं. मला वरून माझं घर दिसलं, अंगणात वाळत टाकलेले कपडे दिसले, आणि दीड तासाने मी परत मुंबईत. ज्याला सुतक-सोयर नाही, घाई नाही, त्याने जावं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हा जुगार नको.

---

चिपळूणची_सून

आईगं. कपडे दिसले!!

---

पुणेकर_पाव्हणा

आमच्या पुण्याहून चिपीला विमान सुरू झालं ना २०२४ मध्ये. सोयीसाठी सुचवतो: दुबई-पुणे-चिपी. मध्ये एक दिवस पुण्यात थांबून मिसळ.

---

मसालो_मालवणी

@पुणेकर_पाव्हणा आणि पाणी?

---

गाडी_नंबर_विसरलो

रेल्वे सोडू नका एवढीच विनंती. पहाटे मुंबईत उतरणाऱ्याला वंदे भारत (५:२५ सीएसएमटी) डोक्यात येते, पण बघा, ती कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते, पावसाळी वेळापत्रकात रोज नसते आणि मडगावला एरवी पावणेआठ तासात जाणारी पावसात दहा घेते. दरडींमुळे वेग कमी ठेवतात, ते योग्यच आहे. आणि २:१० ला उतरून बॅगा घेऊन ५:२५ ची गाडी पकडायची म्हणजे देव पाण्यात ठेवायचे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होतं), म्हणजे १२ सप्टेंबरचं १४ जुलैला सकाळी ८ ला. ८ वाजून २ मिनिटांनी तुम्हाला वेटिंग ३०० दिसेल. माझा अनुभव आहे, दोन्ही हातात दोन मोबाईल आणि तोंडाने बायकोला सूचना.

---

रॅम्पवाला

माझं मत: दुबईहून थेट गोवा मिळालं आणि परवडलं तर डोळे झाकून घ्या. सरळ अंतर मोपापर्यंत २२०० च्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा पावणेतीनशे किमी जास्त, विमानाला वीस-पंचवीस मिनिटं. ती वीस मिनिटं तुमचे जमिनीवरचे बारा तास खातात. थेट नाही मिळालं तर मुंबईत बदला, पण मध्ये निदान साडेतीन-चार तास ठेवा. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम, मग परत आत. आणि देशांतर्गत विमान कुठल्या टर्मिनलचं आहे ते बघा, दुसऱ्या टर्मिनलचं असेल तर बाहेर पडून वळसा आहे.

---

हायवेग्रस्त

विमानाने गेलेल्याला वाटेतल्या हॉटेलची मिसळ, वडे, कशेडीचा धुकट चहा, "अजून किती रे" विचारणारी पोरं, यातलं काही मिळत नाही. शिव्या घालतो पण यंदाही रस्त्यानेच जाणार.

---

रत्नांग्रीची_राधा

@हायवेग्रस्त माणगावात भाजी निवडून झाली की सांगा, आमच्याकडे फणसाची भाजी करायला या.

---

आखाती_चाकरमानी

सगळ्यांचे आभार. थेट विमानाचे भाव बघून डोळे पांढरे झाले, तेव्हा मुंबईत बदलून मोपा असं काढलंय. कोड तीनदा बघितला. जीओएक्स. बायकोकडून पण वाचून घेतला.

---

संपादक_मंडळ

धागा थंड झालाय. धागाकर्त्याने पोचल्यावर हिशोब टाकावा ही आज्ञा समजावी.

---

आखाती_चाकरमानी (१६ सप्टेंबर)

पोचलो!! दोन दिवस वेळच मिळाला नाही, आरत्या, पाहुणे, रात्री भजन, आता दुपारी सगळे लवंडलेत तेव्हा लिहितोय.

हिशोब: रूममधून संध्याकाळी ६ (इथले ७:३०). मुंबईत टेकलो २:१०. बॅग ३ वाजता आली. मोपाचं विमान ६ ला, ७:१५ ला उतरलो, ७:४५ ला बाहेर, बाबल्या, म्हणजे आमचा गाडीवाला, आपला इथला नव्हे, उभा होता. कुडाळच्या बाजारात माटवीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीचं) सामान राहिलं होतं ते घ्यायला पाऊण तास (कवंडाळं, म्हणजे माटवीला बांधायची रानफळं, संपत आली होती, शेवटचा वाटा मी उचलला, मागे उभी असलेली बाई अजून शिव्या घालत असेल). घरी ९:४५. एकूण १४ तास १५ मिनिटं. गेल्या वर्षीपेक्षा पावणेदहा तास कमी. अंघोळ करून नैवेद्याच्या तयारीला बसलो, गेल्या वर्षी याच वेळी मी अजून रस्त्यातच कुठेतरी पंक्चर काढत होतो.

रॅम्पवालेसाहेब, दुबईहून उतरताना मुंबईवर दोन चकरा झाल्या, तुमची आठवण काढली. बांद्याच्या शेजाऱ्यांनी घरी दर्शनाला यावं, गाव खाजगी निरोपात कळवतो.

---

ढगांचा_अभ्यासक

आणि चढाव? विमानाला किती वेळ लागला हवेत?

---

आखाती_चाकरमानी

ते बघायच्या आधी झोपलो हो मी.

पण दर्यावर्दींचा दोरा करून बघितला. माळ्यावर माझ्या शाळेतला पृथ्वीगोल सापडला, एका बाजूने चेपलाय, आफ्रिकेला उंदराने कुरतडलंय, पण आपली बाजू शाबूत आहे. मखर बांधून उरलेली सुतळी घेतली. आईने मालवणवर अंगठा दाबून धरला, मी दुबईपर्यंत ताणली. तीन बोटं भरली. मग तीच सुतळी मुंबईपर्यंत धरली. तिने चष्मा पुसून बघितलं, परत बघितलं. म्हणाली, "ह्यां तर नखभर! मगे दिसभर गाडी खय फिरत होती रे तुमची?"